नगर, उद्योग आणि पाणलोट : म्हसवड परिसराचा हिशेब गावाने कसा मांडावा

कोणत्याही बाजारपेठेच्या गावाची भरभराट ही केवळ त्या गावाच्या वेशीआतील गोष्ट नसते. पेठेतील दुकाने, अडत, पतपेढ्या, वाहतूक व लहान धंदे हे सर्व भोवतालच्या खेड्यांतील पीक, जनावरे, मजुरी आणि पाणी यांवर उभे असतात. उलटपक्षी, पेठेत नवा उद्योग आला म्हणजे त्याचा परिणाम खेड्यातील विहिरीपर्यंत व मजुरीच्या दरापर्यंत पोहोचतो. म्हणून नगराचे अर्थकारण, उद्योग आणि निसर्ग यांचा अभ्यास एकत्र व्हावयास हवा.

माण तालुक्यातील म्हसवड परिसराच्या दृष्टीने हा विषय आज विशेष महत्त्वाचा आहे. बेंगळुरू–मुंबई औद्योगिक मार्गिकेवरील औद्योगिक क्षेत्रासाठी या परिसराची निवड झालेली आहे. पाऊस कमी, जमीन बहुतांशी हलकी आणि तरुण माणूस पोटासाठी परगावी, अशा भागात उद्योग येणे ही मोठी घटना होय. त्यापासून लाभ किती व हानी किती हे पुढे ठरावयाचे असेल, तर आजची स्थिती काय आहे याची नोंद आजच असावयास हवी. ती कशी ठेवावी हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वीच्या अभ्यासांचा धडा

गावाचा हिशेब घराघरांत जाऊन मांडण्याची पद्धत महाराष्ट्रास नवी नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी केली व ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे, विहिरी, पिके, जनावरे, कर्ज आणि प्रत्येक कुटुंबाची मिळकत यांची नोंद तीत आहे. केवळ शेतीवर बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह होत नाही आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणच्या मजुरीने तूट काही अंशी भरून निघते, असे त्यांना आढळून आले. पुढे १९२१ साली त्यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी प्रसिद्ध केली. शहरापासून दूर असलेल्या त्या गावाचे सारे जीवन पावसावर अवलंबून होते.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरात सामावून गेले आहे. शेताच्या जागी इमारती आल्या आणि पवना नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न उभा राहिला. परंतु बदलापूर्वी तेथे काय होते, हे आपण निश्चितपणे सांगू शकतो, कारण कोणीतरी ते वेळेवर लिहून ठेवले होते. भोवतालच्या बहुतेक गावांच्या बाबतीत असे सांगता येत नाही.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने हेच काम पुढे नेले. ही संस्था १९३० साली स्थापन झाली व प्रा. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची, तसेच पुणे शहराची पाहणी त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. प्रा. सोवनी यांनी कोल्हापूर शहराचा अभ्यास केला. या सर्वांची रीत साधी होती : माल कोठून येतो, कोठे जातो, पैसा कोणाच्या हाती राहतो, आणि काम कोणास मिळते, हे विचारावयाचे व मोजावयाचे.

पाणलोट तालुक्याची हद्द पाळत नाही

म्हसवडचा हिशेब पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर येथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास, व कित्येक वर्षी त्याहूनही कमी. माणगंगा याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते, दहिवडी व म्हसवडवरून आटपाडी, सांगोला या भागांत जाते आणि पुढे भीमेस मिळते.

म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव हे या बाबतीतील उत्तम उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळी कामातून उभा राहिलेला हा तलाव म्हसवडचा तलाव म्हणूनही ओळखला जातो. त्यात येणारे पाणी माण तालुक्याच्या पाणलोटातील आहे. परंतु कालव्याखाली भिजणारी बरीचशी जमीन आटपाडी व सांगोला तालुक्यांत आहे. म्हणजे म्हसवडच्या वरच्या बाजूस पाणी अडले, किंवा नदीत सांडपाणी सुटले, तर त्याचा परिणाम सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांवर होणार. यास्तव केवळ एका ग्रामपंचायतीपुरता वा एका तालुक्यापुरता अभ्यास अपुरा ठरतो.

अलीकडे उरमोडी व जिहे-कठापूर या उपसा योजनांद्वारे पश्चिमेकडील पाणी माण तालुक्यात येऊ लागले आहे. हे पाणी वीज खर्चून उचललेले आहे, हे विसरता कामा नये. उचललेल्या पाण्याचा प्रत्येक लिटर कोणत्या कामी लागला, याचा जाब विचारण्याचा अधिकार गावास आहे, आणि तो देण्याची जबाबदारीही गावावर आहे.

पाण्याचे गणित

पुढील आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावेत. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. पाचशे मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी पडते. त्यातील बराच भाग मात्र वाहून जातो वा उडून जातो. दरडोई दररोज ५५ लिटर धरल्यास एक हजार लोकवस्तीस वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. पाटपाण्यावरील एक हेक्टर उसासही साधारण तेवढेच पाणी लागते. रब्बी ज्वारीस एक संरक्षक पाणी ७५ मिलिमीटरचे दिले, तर हेक्टरी साडेसात लाख लिटर पुरतात.

आता समजा, एखादा कारखाना दररोज एक लाख लिटर पाणी घेतो व वर्षातून ३०० दिवस चालतो. त्याची वर्षाची गरज ३ कोटी लिटर झाली. या पाण्यात ४० हेक्टर ज्वारीस एक संरक्षक पाणी देता आले असते. परंतु तेच पाणी दीड हेक्टर उसाचेही आहे! तेव्हा कारखाना पाणी पितो एवढीच तक्रार करून भागत नाही. आपले पीक किती पाणी पिते, हेही त्याच वहीत लिहावे लागते. त्या पाण्यावर कारखान्यात किती कायम माणसे लागतील, ज्वारीच्या धान्यावर व कडब्यावर किती कुटुंबे व जनावरे जगतील, उसावर किती, असा तिन्ही बाजूंचा विचार करूनच पाण्याचा वापर ठरवावा.

पेठेचे अर्थकारण

म्हसवडची पेठ जुनी आहे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो व यात्रेस दूरदूरचे लोक येतात. मेंढपाळांची लोकर व तिच्यापासून विणलेली घोंगडी हा या भागाचा परंपरेचा धंदा आहे. खिलार जनावरे, कोरडवाहू ज्वारी-बाजरी आणि अलीकडे डाळिंब ही येथील संपत्ती होय. आटपाडी, खानापूर व माण भागांतील कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त भारतभर पसरली आहेत. त्यांनी गावी पाठविलेला पैसा हाही येथील अर्थव्यवस्थेचा एक आधार आहे. १९९७ साली म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली व लहान धंदा करणाऱ्या स्त्रियांना बचतीची आणि कर्जाची सोय झाली. २०१२-१३ च्या दुष्काळात याच गावी मोठी चारा छावणी चालवावी लागली. लहान धंद्यांतून भांडवल उभे राहू शकते, परंतु चारा व पाणी संपले की पेठही थंडावते, हे या दोन गोष्टींवरून दिसून येते.

गावाने ठेवावयाच्या पाच नोंदी

पहिली नोंद विहिरींची. गावातील निरनिराळ्या भागांतील दहा विहिरी निवडाव्या. कठड्यावर एक कायम खूण करून, दोरीस वजन बांधून पाण्याची खोली मोजावी. आदल्या रात्री मोटार चालू नसावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत पातळी मोजते; त्याच महिन्यांत गावानेही मोजावी, म्हणजे दोन्ही आकडे ताडून पाहता येतील.

दुसरी नोंद पाण्याच्या व मातीच्या गुणाची. औद्योगिक क्षेत्राच्या वरील व खालील अशा दोन्ही बाजूंच्या विहिरी आणि ओढे यांचे नमुने घ्यावेत. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी आणि ठिकाण, गट क्रमांक व तारीख लिहून प्रयोगशाळेत द्यावी. क्षारांचे प्रमाण व सामू हे दोन आकडे तरी अवश्य मिळवावेत. क्षारयुक्त सांडपाणी जमिनीत मुरल्यास ती चोपण होते व पूर्ववत करण्यास फार काळ व खर्च लागतो.

तिसरी नोंद जमिनीची. कोणत्या गटात कोणते पीक निघते, कोठे गायरान आहे, मेंढरांच्या वाटा कोणत्या, हे नकाशावर दाखवावे. चराऊ रान सातबाऱ्यावर ‘पडीक’ दिसले तरी धनगर कुटुंबाच्या दृष्टीने ते पडीक नसते.

चौथी नोंद मजुरीची. किती माणसे ऊसतोडीस वा शहरात जातात, किती महिने जातात, आणि कोणास कोणते कौशल्य येते, याची यादी करावी. नोकऱ्यांबाबत बोलणी होतील तेव्हा अशी यादी हाती असणे आवश्यक आहे.

पाचवी नोंद बाजाराची. दूध, लोकर, डाळिंब, कडबा व जनावरे यांचे भाव महिन्यातून एकदा लिहून ठेवावेत.

नोंदीचा उपयोग

राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांस व त्यानंतर शेतीस प्राधान्य होते. २०११ साली हा क्रम बदलून शेतीस उद्योगांच्या आधी स्थान देण्यात आले. सांडपाण्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांस जाहीर सुनावणी लागू आहे, त्यांच्या सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. परंतु तीस दिवसांत विहिरीची तीन वर्षांची पातळी मोजता येत नाही. सुनावणीत ‘आमचे पाणी गोड होते’ असे तोंडी सांगणारा शेतकरी आणि तारखेसह क्षारांचा आकडा पुढे ठेवणारा शेतकरी, या दोघांच्या शब्दास सारखे वजन येत नाही.

हाती नोंद असल्यास मागणीही नेमकी करता येते : वापरलेले पाणी शुद्ध करून कारखान्याने पुन्हा वापरावे, लोकर, डाळिंब, दूध व चारा यांवर प्रक्रिया करणाऱ्या, म्हणजे गावचा माल घेणाऱ्या उद्योगांस अगोदर जागा मिळावी, खालच्या गावांतील विहिरींची तपासणी ठराविक मुदतीने होऊन तिचे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत.

शेवटी इतकेच सांगावयाचे की, उद्योग हा शेतकऱ्याचा जन्मजात वैरी नव्हे व आपोआप तारणाराही नव्हे. तो कोणत्या अटींवर येतो यावर सर्व अवलंबून आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेतील वरच्या वर्गांतील मुले, महिला बचत गट व जाणते शेतकरी यांना सोबत घेऊन येत्या ऑक्टोबरपासून वही सुरू करावी. म्हसवडच्या वरच्या गावांनी आपली वही आटपाडीच्या बाजूच्या खालच्या गावांस दाखवावी व त्यांची पाहावी. एकाच नदीकाठच्या गावांचा हिशेबही एकाच ठिकाणी जुळला पाहिजे.