चांदीचे चमचे आणि बर्फ

मागच्या रविवारी वर्गात एक प्रश्न आला : "काका, एवढी मोठी जहाजं असून ती माणसं मेली कशी?" वेळ संपली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते आता पुरे करतो.

मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन इंग्लंडहून निघाले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फातून आशियाकडे जाणारा जलमार्ग शोधायचा होता. बरोबर तीन वर्षांचे अन्न, मांसाचे हजारो डबे, आगगाडीची इंजिने, शिवाय दोन हजारांवर पुस्तके! आम्हा इंजिनिअर मंडळींना यादीतल्या सगळ्या वस्तूंवर खूण झाली की तयारी झाली असे वाटते. त्यांनाही तसेच वाटले असावे.

सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाजवळ जहाजे बर्फात अडकली. पुढच्या उन्हाळ्यातही बर्फ सुटला नाही. जून १८४७ मध्ये फ्रँकलिन वारले. एप्रिल १८४८ मध्ये उरलेले १०५ जण जहाजे सोडून दक्षिणेकडे चालू लागले. जड होड्या घसरगाड्यांवर चढवून त्या स्वतःच दोरांनी ओढत होते! १८५९ मध्ये अशी एक होडी सापडली. तिच्यात दोन सांगाडे होते, आणि चांदीचे काटे-चमचे, रेशमी रुमाल, सपाता, पुस्तके. घसरगाडीसह तिचे वजन सहाशे किलोंच्या वर होते.

आता कपड्यांचे पाहा. खलाशांचे कपडे लोकरीचे. ओझे ओढताना घाम येतो, तो कपड्यांत मुरतो आणि थांबले की गोठतो. तिथले रहिवासी इनुइट लोक कॅरिबू हरणाच्या कातड्याचे सैलसर कपडे दोन थरांत घालत, आतल्या थराची केसाळ बाजू अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर. मध्ये हवा राहते, ऊब टिकते. तापलेच तर गळ्याशी सैल करायचे. हे शास्त्रच आहे, फक्त पुस्तकात लिहिलेले नव्हते.

अर्थात १०५ माणसांना पुरेल एवढी शिकार त्या बेटावर इनुइटांनाही मिळाली नसती. ते लहान लहान गटांत राहत, ते काही उगाच नाही.

१८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांना इनुइटांनी सांगितले, की ते गोरे लोक उपासमारीने मेले, आणि शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले. पुरावा म्हणून चमचेही दिले. लंडनमध्ये गहजब झाला. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानेसुद्धा 'इनुइटांवर विश्वास ठेवू नये' असे लिहिले. (मला डिकन्स आवडतो, तरी हे वाचून वाईट वाटले.) पुढे हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या. २०१४ मध्ये 'एरेबस' मिळाले, इनुइटांच्या आज्या-पणज्या सांगत आल्या होत्या त्याच भागात. २०१६ मध्ये 'टेरर' मिळाले, तेही एका इनुइट माणसाने जागा सांगितल्यावर.

नॉर्वेचा आमुंडसेन १९०३ मध्ये फक्त सहा सोबती घेऊन त्याच बेटावर आला. दोन हिवाळे राहिला, कातड्याचे कपडे आणि कुत्र्यांच्या गाड्या इनुइटांकडून शिकला, आणि १९०६ मध्ये तो जलमार्ग पार करून गेला.

शब्दार्थ : घसरगाडी – बर्फावर ओढायची बिनचाकी गाडी. सपाता – घरात घालायचे मऊ जोडे. गहजब – आरडाओरडा.

गृहपाठ : या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात आईबाबांना कुणी काय शिकवले, ते विचारून पाच वाक्ये लिहा. माझे पहिले वाक्य : "पुण्याचे चामडी बूट घालून मी घसरून पडलो, तेव्हा शेजारच्या आजींनी मला बुटांच्या दुकानात नेले."