मध्यस्थाची भाकरी कोणाकडची?

बीडचा माणूस तोंडावर बोलतो, असा त्याचा राज्यभर लौकिक. पुण्यात खोली भाड्याने देणारा मालकसुद्धा ‘बीडचे का?’ म्हणून क्षणभर थांबतो. जिल्ह्यात राहिलेल्याला मात्र वेगळंच दिसतं. वाद परक्याशी असला तर आवाज चढतो खरा. आपल्या माणसाशी असला तर तोच वाद मामाच्या, व्याह्याच्या, सरपंचाच्या तोंडून चालतो. महिनोन् महिने.

केज तालुक्यातल्या एका शेतरस्त्याचं प्रकरण प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांदेखत घडलं. पावसाळ्याच्या तोंडावर धाकट्या चुलतभावाने वहिवाटीच्या वाटेवर काट्या टाकल्या. थोरल्याने भांडण टाळलं, मामांना निरोप धाडला. मामा म्हणाले, पेरण्या उरकू द्या. मग पोळा आला, मग सोयाबीनची काढणी, मग ‘भाऊबीज झाली की बसू’. वाईट कोणीच वागत नव्हतं. सगळे नातं सांभाळत होते. कंटाळून थोरला वकिलाकडे गेला तेव्हा वकिलाने आधी तारीख विचारली. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो, पण अडवणूक झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. ती मुदत लग्नसराईच्या आमंत्रणांत निघून गेली होती. उरला दिवाणी न्यायालयाचा रस्ता, आणि तो शेतरस्त्यापेक्षा बराच लांबचा.

मामांना पाठवू नये, असं कोणी म्हणणार नाही. मामा हवेतच. पण काट्या पडल्याची तारीख वहीत लिहावी, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मामांना महिनाभराची मुदत द्यावी आणि मिटलं नाही तर तहसीलला जावं. अर्ज दिला म्हणजे नातं तुटलं, ही गावाची समजूत एकदा तपासून पाहायला हवी. अर्ज दिल्यावरही तडजोड होतेच, आणि मामांच्या शब्दाला तेव्हा जरा जास्त वजन येतं.

मध्यस्थ निवडताना मात्र एक प्रश्न आधी विचारावा: याची भाकरी कोणाकडून येते?

या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधूनच निघतं. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम त्यांना उचल देतो. ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायचा, आजारपणाने एक दिवस बुडाला तरी खाड्याचा दंड लागायचा. मजूर आणि कारखाना यांच्यामध्ये मुकादम उभा असतो. तो बहुधा गावचाच, पुष्कळदा पाहुण्यातला, आणि त्याचं कमिशन ठरतं मजुरांनी तोडलेल्या उसावर. हिशेबाबद्दल त्याला विचारलं की भावकीत बोभाटा. कारखान्याला विचारावं तर तो मजूर आमचा नव्हेच, हे उत्तर तयार. इथला आडवळणाचा मार्ग सभ्यतेपोटी पडलेला नाही, तो व्यवस्थेनेच आखून ठेवलाय.

त्याच धंद्यात दुसऱ्या प्रकारची मध्यस्थीही आहे. कोयता बंद ठेवून संप करायचा आणि मग लवादासमोर बसायचं, ही पद्धत गोपीनाथ मुंडे यांच्या काळापासून चालत आली. पुढे पंकजा मुंडे मजुरांच्या बाजूने आणि शरद पवार कारखान्यांच्या बाजूने बसले. ऑक्टोबर 2020 मध्ये मजुरीत 14 टक्के वाढ ठरली, जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के. मजूर संघटनांच्या मागण्या याहून मोठ्या होत्या, आणि त्यांची नाराजी रास्तही असेल. पण कोण कोणाच्या वतीने बोलतोय हे तिथे उघड होतं, आणि दबाव आधी, बोलणी नंतर असा क्रम होता. मुकादमाच्या ओट्यावर बसणाऱ्या एकट्या जोडप्याला संप करता येत नाही. त्याला काटा पावत्यांचे फोटो ठेवता येतात, उचल आणि खाडे तारखेनिशी लिहिता येतात, आणि ते पान शांतपणे मुकादमापुढे ठेवता येतं. आवाज न चढवता तोंडावर बोलणं ते हेच.

सरकारने गावालाच मध्यस्थ करूनही पाहिलं. 2007 च्या 15 ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती निवडायची आणि तडजोडपात्र तंटे गावातच मिटवायचे, ही कल्पना चांगलीच होती. बांध, गुरं, सांडपाणी यांसाठी ती आजही चांगली आहे. पण गावाच्या डोळ्यांपुढे मोहिमेचं बक्षीस असलं की ‘मिटलं’ हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. मार खाल्लेल्या सुनेला ‘घरचं घरात’ म्हणून परत पाठवणं हा तंटा मिटवणं नव्हे. तिथे समिती नको, पोलीस ठाणं हवं.

‘बायका असल्या गोष्टी बोलत नाहीत’, ही अशीच एक सोयीची समजूत. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतले खाडे हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. हे कळायला कुठली गुप्त चौकशी लागली नाही. कोणीतरी दारात येऊन विचारलं आणि बायकांनी सांगितलं. त्याआधी विचारायला कोण गेलं होतं, हे विचारण्यासारखं आहे.

उलट काही वेळा आडून जाणंच शहाणपणाचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या 40 टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. शेजारच्या घरी पंधरा वर्षांच्या पोरीची सुपारी फुटली असेल, तर तिच्या बापाला तोंडावर सुनावणाऱ्याला गावात राहणं अवघड होतं, आणि लग्न एका रात्रीत दुसऱ्या तालुक्यात उरकलं जातं. अशा वेळी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या 1098 या क्रमांकावर फोन करावा. नाव न सांगता करता येतो. मुलीचं नाव, गाव, शाळा आणि लग्नाची तारीख-ठिकाण एवढं नीट सांगावं. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, पण तो सरपंचाच्या घरच्या लग्नाचं काय करील याची शंका असेल तर फोन आधी 1098 लाच लावावा.