सावली पुसू नकोस

अगं, तू पाठवलेले फोटो काल रात्री निवांत पाहिले. बोईसरचा बाजार, सातपाटीचे वाळत घातलेले बोंबील, आईचं स्वयंपाकघर. सगळं लख्ख आहे, पण मन कुठेच रेंगाळत नाही. ‘आपल्याकडे फोटो काढण्यासारखं आहे तरी काय?’ असं तू विचारलंस. आहे गं, खूप आहे. तू फक्त सावली पुसून टाकतेस.

त्यात सगळी चूक तुझी नाही. समोर अंधार असला की कॅमेरा तो आपणहून उजळवतो. मग खिडकीतून येणारी तिरीप आणि तिच्याभोवतीचा गारवा, दोन्ही जातात. यावर उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर सगळ्यात उजळ जागेवर बोट टेकव, सूर्याचं चिन्ह दिसलं की ते खाली ओढ. खिडकीच्या गजांची सावली पिठाच्या परातीवर उतरलेली दिसेल. बाकी काळं राहिलं तर राहू दे.

आता वेळेचं सांगते. सकाळच्या शिफ्टला बोईसर स्टेशनबाहेर उभी राहा. माणसं पश्चिमेला एमआयडीसीकडे निघालेली असतात, कोवळं ऊन त्यांच्या पाठीवर असतं. डब्याच्या पिशवीसकट त्यांच्या सावल्या त्यांच्या आधी कामावर निघतात! भर दुपारी मात्र कॅमेरा ठेवून दे. मेच्या मध्यावर तर आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखालीच गडप होते.

संध्याकाळी चिंचणीला जा. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सुरूची झाडं आणि माणसं मावळतीवर काळी उठून दिसतात. इथे आपल्या वारली चित्रांकडून शीक. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, काडीसारखे हातपाय. ना नाक, ना डोळे. तरी कोण नाचतंय, कोण पाणी भरतंय, लगेच कळतं. कारण हातपाय अंगापासून मोकळे असतात. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. तूही माणसाचं पाऊल उचललं जाईपर्यंत, हात अंगापासून सुटेपर्यंत थांब. मगच बटण दाब.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळ. जवळच्या अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात कॅमेरा काढायचा नाही. आणि मासळी निवडणाऱ्या मावशींना आधी विचारायचं. त्या ‘नको’ म्हणाल्या तर नको.

उद्या सकाळी घरातलीच एक सावली टिप आणि मला पाठव. एकच पाठव, पण तिच्यापाशी थोडा वेळ बसून काढलेली.