पिठोरीचा अतिथी

श्रावण अमावास्या म्हणजे पिठोरी. कॅलेंडरात तिथे ‘मातृदिन’ असंही छापलेलं असतं. विदर्भात त्याच दिवशी पोळा, त्यामुळे बैलांच्या गडबडीत आईचा दिवस थोडा मागेच पडतो. संध्याकाळी चौसष्ट योगिनींची पूजा होते. मग आई खीरपुरीचं वाण खांद्यावरून मागे धरून विचारते, “अतिथी कोण?” मागे उभं असलेलं मूल म्हणतं, “मी!”

पोटचं पोर, आणि त्याला अतिथी का म्हणायचं? याचं उत्तर व्रताच्या कहाणीत आहे. एका घरी श्रावण अमावास्येला सासऱ्याच्या वडिलांचं श्राद्ध असे. नेमकी त्याच दिवशी सून बाळंत व्हायची, मूल जायचं, श्राद्ध मोडायचं. असं सहा वर्षं झालं. सातव्या वर्षी सासऱ्याने मेलेलं मूल ओटीत घालून तिला रानात हाकलून दिलं. रात्री तिथे देवकन्या साती अप्सरांसह पूजेला आल्या. नैवेद्य दाखवून त्यांनी विचारलं, अतिथी कोण? तेव्हा “मी” म्हणाली ती ही हाकललेली सून! तिची सातही मुलं जिवंत झाली.

आता गुरुचरित्राचा पाचवा अध्याय काढा. सप्ताहात तो पहिल्याच दिवशी येतो. पीठापूर, आपळराज आणि सुमती. तिचीही मुलं गेलेली, उरलेले दोघे एक आंधळा, एक पांगळा. तिथेही अमावास्या, तिथेही श्राद्ध! ब्राह्मण जेवायचे होते, तेवढ्यात दारी अतिथी आला. सुमतीने आधी त्याला भिक्षा घातली. ते दत्तप्रभू होते. माग म्हणाले, तर तिने एवढंच मागितलं, की तुम्ही मला आई म्हणालात, तो शब्द खरा करा. श्रीपाद श्रीवल्लभ तिच्या पोटी आले.

बँकेत जन्मभर दोन रकाने ताडून बघितले, ती खोड जात नाही. एका घरी श्राद्धापायी आईला बाहेर काढलं, दुसऱ्या घरी आईने श्राद्धाचं ताट थांबवून बाहेरच्याला आत घेतलं. दोन्हीकडे दुःख एकच, मूल गेल्याचं.

म्हणून मला पटत नाही ते हे, की पुष्कळ घरी वाण मुलालाच देतात, मुलीला मागे उभीसुद्धा करत नाहीत. आणि जिचं मूल गेलं, तिला तर कोणी बोलवतच नाही. अहो, कहाणीत “मी” म्हणणारी बाईच होती, आणि तिच्या ओटीत मेलेलं मूल होतं! आमच्या आळीत दोन वर्षांपासून अशा एका काकूंना मुद्दाम मागे उभं करतात. पहिल्या वर्षी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. यंदा हळूच म्हणाल्या, “मी.”