उतरताना कळतो तो बोर्ड

सुरगाण्यात काइटबोर्ड म्हटलं की लोकांना येवल्याची संक्रांत आणि मांज्याची आसारीच आठवते. पतंग माणसाला पाण्यावरून ओढतो, वर उचलतो, हे पटवायला वेळ लागतो. नार आणि पार या नद्या आमच्या उशाशी आहेत, पण डोंगरांत वारा एकसारखा वाहत नाही, म्हणून मी गोव्यात मोरजीला जातो. तिथे चापोरा नदी समुद्राला मिळते. मुखाशी वाळूच्या आडोशाला पाणी शांत, थोडं पुढे गेलं की लाटा.

शिकताना भाड्याने मिळाला तो बोर्ड लांब, रुंद आणि जवळपास सपाट होता. शांत पाण्यात छान चालायचा. हलक्या वाऱ्यातही तरंगायचा, वाऱ्याविरुद्ध तिरका सहज चढायचा. लाटांत नेल्यावर मात्र थाडथाड आपटू लागला, कड धरेना. कड सुटली की दोऱ्यांना ताण बसत नाही आणि उडी तिथेच मरते. त्यातूनही एक उंच उडी बसली, तर खाली येताना बोर्ड ताटासारखा पाण्यावर आदळला. गुडघा बरेच दिवस धरला होता.

वर नेतो तो पतंग. बोर्डाची परीक्षा उतरताना होते. म्हणून दुकानात आधी रॉकर, म्हणजे बोर्डाचा बाक, बघा. बोर्ड फरशीवर ठेवून टोकं किती उचललेली राहतात ते पाहिलं की झालं. बाक जास्त असेल तर टोक लाटेत रुतत नाही आणि आदळणं सौम्य होतं. वेग थोडा कमी मिळतो, वाऱ्याविरुद्ध चढायला कष्ट पडतात. लाटांत उड्या मारायच्या असतील तर हा सौदा मला मान्य आहे.

कार्बनचा ताठ बोर्ड उसळी जोरात देतो, पण प्रत्येक हिसका गुडघ्यापर्यंत पोचवतो. चाळिशीतल्या गुडघ्यांनी लाकडी गाभ्याचा, मध्ये ताठ आणि टोकांना लवणारा घ्यावा. पंचाहत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर 135 ते 138 सेंटिमीटर लांबी आणि 41 च्या आसपास रुंदी पुरते. त्याहून रुंद घेतला की खळबळीत तो पायाखाली नाचतो. तळाला खोलगटपणा असावा, फिन 4 ते 5 सेंटिमीटरच्या.

बोर्ड कितीही चांगला असो, शाळेतला भूगोल विसरू नका. दुपारनंतरचा खारा वारा किनाऱ्याकडे येतो, पहाटेचा मतलई समुद्राकडे जातो. मतलईवर पतंग चढवायचाच नाही, दोरी तुटली तर हा वारा तुम्हाला समुद्रात आत नेईल. खाऱ्या वाऱ्यातही किनाऱ्याला खेटून उडी मारू नका, कारण उडी वाऱ्याच्या दिशेने दूर नेते आणि पुढे वाळू किंवा माणसं असतात.

जुना बोर्ड घेत असाल तर पायपट्टे काढायला लावा. स्क्रूच्या भोकांभोवती केसाएवढीही भेग दिसली, तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. पाणी तिथूनच गाभ्यात शिरतं.