आम्ही आणि आपण

(परक्या देशात जाऊन लोकांची सेवा करायची असेल, तर आधी काय शिकावे लागते? अडुसष्टाव्या वर्षी मराठीचे धडे गिरवून मुंबईच्या विक्रोळीत सेवेसाठी आलेल्या एका अमेरिकन परिचारिकेची हकिकत या पाठात सांगितली आहे.)



उल्हासनगर किंवा अंबरनाथहून लोकलने मुंबईला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. कल्याण मागे पडते, ठाणे येते, मग मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग आणि त्यानंतर विक्रोळी. धीमी गाडी तिथे क्षणभर थांबते आणि पुढे निघते. स्टेशनाच्या पूर्वेला गोदरेजचे कारखाने आहेत, कामगारांची मोठी वसाहत आहे. १९६६ सालाच्या अखेरीस याच वसाहतीत एक अमेरिकन बाई राहायला आल्या. त्यांचे नाव लिलियन कार्टर. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.

या वयात माणसे नातवंडांत रमतात. लिलियनबाई मात्र दूरदेशी स्वयंसेवक म्हणून आल्या होत्या. ‘स्वयंसेवक’ हा शब्द नीट पाहा. स्वयं म्हणजे स्वतःहून. कोणी हुकूम केला नाही, पगाराची आशा नाही, तरी जो आपल्या राजीखुशीने सेवा करतो तो स्वयंसेवक.

लिलियनबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात झाला. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या. त्या काळी जॉर्जियात गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती, शाळा, गाडीतली जागा, सारे वेगवेगळे असे. लिलियनबाई गोऱ्या होत्या, पण आजारी माणसाच्या कातडीचा रंग त्यांनी पाहिला नाही. काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्या औषधपाणी करीत. गावातल्या कित्येकांना ते आवडत नसे. १९५३ मध्ये त्यांचे पती वारले. मुले मोठी होऊन आपापल्या संसारात गुंतली.

एके रात्री त्यांनी दूरचित्रवाणीवर एक जाहिरात पाहिली. ती ‘पीस कोअर’ या संस्थेची होती. पीस कोअर म्हणजे शांतिदल. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ मध्ये ते स्थापन केले होते. शिक्षक, परिचारिका, शेतीतले जाणकार अशा लोकांना हे दल साधारण दोन वर्षांसाठी दुसऱ्या देशांत पाठवी. त्यांना पोटापुरता भत्ता मिळे. वयाची अडचण नाही, असे जाहिरातीत म्हटले होते. लिलियनबाईंनी अर्ज केला.

अर्ज मंजूर झाला म्हणजे लगेच विमानात बसायचे असे मात्र नव्हते. आधी सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण होते. ज्या देशात जायचे तिथली माणसे कशी राहतात, काय खातात, घरात पाहुणा आला तर कसे वागतात, हे सारे तिथे शिकवत. मुख्य विषय भाषेचा. लिलियनबाईंना महाराष्ट्रात यायचे होते, म्हणून त्यांना मराठी शिकावी लागली. शिवाय त्या काळी प्रशिक्षण चालू असताना उमेदवारांची पारख होत असे. मानसोपचारतज्ज्ञ मुलाखत घेत. जो उमेदवार परक्या मुलखात टिकणार नाही असे वाटे, त्याला अर्ध्यातूनच घरी पाठवत. तरुण उमेदवारांनाही या गोष्टीची धास्ती असे. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना ती किती वाटली असेल, याची कल्पना करा.

जे टिकत, त्यांच्यासाठी शेवटी शपथविधी होई. शपथ घेईपर्यंत माणूस नुसता प्रशिक्षणार्थी असतो. शपथ घेतली की तो स्वयंसेवक होतो. पुढे हे प्रशिक्षण त्या त्या देशातच देण्याची पद्धत पडली. प्रशिक्षणार्थी तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतो. त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांची भाषा चुकतमाकत बोलतो. समारंभाच्या दिवशी ते कुटुंबही येऊन बसते. नवे स्वयंसेवक नुकत्याच शिकलेल्या भाषेत भाषण करतात. वाक्य चुकते, सभेत हसू उमटते, आणि टाळ्याही पडतात. हा आनंद कसला असतो? परीक्षा संपल्याचा तर असतोच. पण काल ज्या लोकांचे बोलणे कानावरून जात होते, त्यांच्याशी आज आपण दोन शब्द बोललो, हा आनंद त्याहून मोठा असतो.

मुलांनो, हा आनंद तुम्हाला परका नाही. तुम्हीही मराठी दुसरी भाषा म्हणून शिकता. तुमच्या उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते. मराठीची डावीकडून उजवीकडे. उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत तो आणि ती यांच्याबरोबर ‘ते’ हे नपुंसकलिंगही आहे. ‘बाळ’, ‘फळ’, ‘शाळा’ यांतला ‘ळ’ उर्दूत नाही. तो इंग्रजीतही नाही. म्हणजे लिलियनबाईंची आणि तुमची अडचण एकच!

तुमच्या शहराचीही हीच कथा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली होती. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून निर्वासित झालेल्या हजारो कुटुंबांना या छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची पायाभरणी झाली, आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही आपण ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे म्हणतो. आलेल्या लोकांची सिंधी उर्दूप्रमाणेच उजवीकडून डावीकडे लिहिली जाई. त्यांनाही दुकानाच्या पाट्या, सरकारी कागद आणि बाजारातले बोलणे यांसाठी मराठीशी ओळख करून घ्यावी लागली. त्यांना कोणी तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले नव्हते.

तुमच्याजवळ मात्र एक शिदोरी आहे, जी लिलियनबाईंजवळ नव्हती. दवाखाना, मदत, तब्येत, कागद, हजर, खर्च हे शब्द मराठीत फारसी आणि अरबीतून आले आहेत. ते तुम्ही घरातूनच घेऊन येता. कुठे कुठे मात्र अर्थ बदलतो. ‘रजा’ म्हणजे उर्दूत मर्जी. मराठीत शाळेतून किंवा कामावरून घेतलेली सुट्टी. तेव्हा ओळखीचा शब्द दिसला तरी एकदा विचारून घ्यावे.

विक्रोळीला लिलियनबाईंनी आधी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम केले. पण त्यांचे मन रुग्णसेवेत होते. पुढे वसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली त्या काम करू लागल्या. तिथे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुष्ठरोग पाहिला. रोगी एक लहान मुलगी होती. इतक्या वर्षांची अनुभवी परिचारिका, पण त्या मुलीला हात लावायला त्यांचे मन कचरले. कुष्ठरोग सहजासहजी पसरत नाही आणि औषधाने पूर्ण बरा होतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. परंतु बहुविध औषधांची खात्रीची उपचारपद्धती १९८१ नंतर रूढ झाली. त्या काळी या रोगाची भीती फार होती. लिलियनबाईंनी ती भीती गिळली. त्यांनी त्या मुलीवर उपचार केले आणि पुढे कुष्ठरुग्णांची शुश्रूषा हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाला. प्रशिक्षणाच्या वर्गात ही परीक्षा झालेली नव्हती. शपथविधीच्या टाळ्या थांबल्यावर ती द्यावी लागली.

आता मराठीतली एक गंमत सांगतो. उर्दूत ‘हम’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीतही त्या जागी एकच शब्द आहे. मराठीत मात्र दोन आहेत: आम्ही आणि आपण. समजा, मधल्या सुट्टीत वर्गातली मुले डबा खायला निघाली आणि एक नवा मुलगा कोपऱ्यात उभा आहे. त्याला म्हटले, “आम्ही डबा खायला जातो,” तर तो तिथेच उभा राहील. “आपण डबा खायला जाऊ,” म्हटले, तर तो डबा घेऊन तुमच्याबरोबर निघेल. ‘आम्ही’मध्ये समोरचा माणूस येत नाही. ‘आपण’मध्ये तो येतो. एवढ्याशा शब्दाने एक माणूस आत येतो किंवा बाहेर राहतो.

स्वयंसेवक परक्या देशात पाऊल ठेवतो तेव्हा ‘आम्ही’ म्हणत येतो. आम्ही शिकवू, आम्ही औषध देऊ. काम करता करता तो ‘आपण’ म्हणू लागला, की त्याचे प्रशिक्षण खरोखर पूर्ण झाले असे समजावे.

विक्रोळीत लिलियनबाईंनी सुमारे एकवीस महिने काढले. आपला स्वातंत्र्यदिन तोच त्यांचा वाढदिवस. १९६८ च्या १५ ऑगस्टला त्यांनी भारतात सत्तरी गाठली आणि नंतर त्या मायदेशी परतल्या. इथून त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १९७७ मध्ये निघाले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. फेब्रुवारीत आपले राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेने लिलियनबाईंना पाठवले. त्या दौऱ्यात त्या आवर्जून विक्रोळीला गेल्या. ज्या वसाहतीत त्या रुग्णांची सेवा करीत, तिथे आता राष्ट्राध्यक्षांच्या मातोश्री आल्या होत्या.

परदेशातून लिलियनबाई आपल्याकडे आल्या, तसे आपल्याकडूनही लोक परदेशी सेवेला गेले. त्यांपैकी एक सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये चीनवर जपानचे आक्रमण चालू होते. जखमींच्या सेवेसाठी राष्ट्रीय सभेने पाच भारतीय डॉक्टरांचे पथक पाठवले. कोटणीस त्या पथकात होते. ते चिनी भाषा बोलायला आणि वाचायला शिकले आणि पुढे तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यकशास्त्र शिकवू लागले. त्यांनी चिनी परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला. उर्दूचे नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्या जीवनावर पुस्तक लिहिले, आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यावरून चित्रपट काढला.

मित्रांनो, सेवेसाठी दरवेळी समुद्र ओलांडावा लागतो असे नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर ते वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. गाडीत एक हजाराहून अधिक प्रवासी होते. बचाव दलांच्या जवानांबरोबर आसपासचे गावकरीही मदतीला धावले. सारे प्रवासी सुखरूप बाहेर आले.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ठरवल्यापासून दरवर्षी ५ डिसेंबर हा दिवस जगभर स्वयंसेवक दिन म्हणून पाळतात. येत्या ५ डिसेंबरला तुम्ही काय कराल? दवाखान्यात मराठी न येणाऱ्या आजींना केसपेपर वाचून दाखवाल. उर्दू न येणाऱ्या शेजाऱ्याला पत्ता समजावून सांगाल. वर्गातल्या नव्या मुलाला डबा खायला बोलवाल. बोलावताना शब्द मात्र नीट निवडा. ‘आपण’ म्हणा.

शब्दार्थ

परिचारिका – नर्स
हकिकत – घडलेली गोष्ट
प्रशिक्षणार्थी – काम शिकत असलेला उमेदवार
शपथविधी – हलफ घेण्याचा समारंभ
धास्ती – भीती, धाक
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे. येथे, जवळची पुंजी
मन कचरणे – मन मागे सरणे, धीर न होणे
शुश्रूषा – आजाऱ्याची सेवा

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लिलियनबाई विक्रोळीला आल्या तेव्हा त्यांचे वय काय होते?
(आ) उल्हासनगरची पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली?
(इ) डॉक्टर कोटणीस कोणत्या गावचे होते?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रशिक्षणात उमेदवारांची पारख कशी होत असे?
(आ) लिलियनबाईंची खरी परीक्षा कोणती, असे तुम्हाला वाटते? का?

प्र. ३. ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ योग्य ठिकाणी लिहा.
(अ) ये, ______ दोघे मिळून हा फळा पुसू.
(आ) तू काल आला नाहीस. ______ मात्र तुझी वाट पाहिली.

प्र. ४. पुढील शब्द उर्दूत लिहा व दोन्ही भाषांतील अर्थ सारखा आहे की वेगळा, ते सांगा.
मदत, रजा, अर्ज, कागद, तब्येत

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, “तुम्ही मराठी कशी शिकलात?” त्यांनी सांगितलेली हकिकत दहा ओळींत लिहा व वर्गात वाचून दाखवा.