ओट्याचा दगड: ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?

ज्या घरात रोज दोन्ही वेळा फोडण्या होतात, शेगडीवरून उतरवलेली कढई हाताला येईल तिथे टेकवली जाते आणि नारळ ओट्याच्या कडेवरच फुटतो, त्या घराने शेगडीच्या ओट्याला गडद रंगाचा ग्रॅनाइट घ्यावा. पांढराशुभ्र, एकरंगी ओटा हवाच असेल तर क्वार्ट्झ जरूर घ्या, पण शेगडीपासून लांबच्या भागाला. माझा कौल हा असा. तुमच्या घराला तो लागू पडतो का, हे पुढच्या क्रमाने तपासून बघा.

सुरुवात दुकानात नको, स्वयंपाकघरात करा. दोन-तीन दिवस नुसतं बघा. गरम भांडं कुठे उतरतं, शेवयांचा साचा कुठल्या कडेला आवळला जातो, खलबत्ता कुठे असतो, खिडकीतलं ऊन ओट्यावर किती वेळ राहतं, नळाला बोअरचं पाणी येतं का. हे सगळं कागदावर टिपून ठेवा, आणि ते रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच टिपू द्या. आराखडे काढणाऱ्यांतले बरेचजण ओट्याशी चहापुरतेच उभे राहिलेले असतात. उंचीही आत्ताच ठरवा. हात कोपरात वाकवून उभं राहायचं आणि कोपरापासून सुमारे चार इंच खाली ओटा धरायचा. बहुतेक घरांत ही उंची 32 ते 34 इंच निघते.

मग काय काय विकायला आहे ते समजून घ्या. ग्रॅनाइट खाणीतून निघतो, कापला जातो, पॉलिश होतो. या नावाखाली त्याचे सोयरेही विकले जातात. काळ्यावर सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा. भूशास्त्राच्या हिशेबात तो ग्रॅनाइट नव्हे, गॅब्रोच्या कुळातला. ओट्याचं त्याने काही बिघडत नाही. दुकानदार ज्याला ‘क्वार्ट्झ’ म्हणतो तो मात्र कारखान्यात बनतो. वजनाने 90 टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा, बाकी पॉलिस्टर रेझिन आणि रंग. हे मिश्रण हवा काढून घेऊन, थरथरवत दाबतात आणि उष्णता देऊन पक्कं करतात. तंत्र मूळ इटलीतल्या ब्रेटन कंपनीचं.

क्वार्ट्झचं सगळं बरंवाईट त्या रेझिनमध्ये आहे. रेझिनमुळे बारीक छिद्रं उरत नाहीत, म्हणून हळद, चहा, सोलकढी आत मुरत नाही आणि सीलरही लागत नाही. पण साधारण 150 अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिनला धोका असतो. तळणीचं तेल 180 अंशांच्या घरात असतं, बिडाचा तवा त्याहून जास्त तापतो. अशी कढई क्वार्ट्झवर टेकली की तिच्या बुडाएवढा डाग पडू शकतो किंवा तडा जाऊ शकतो. हा डाग वरचा मळ नसतो, रेझिनच करपलेलं असतं. घासून तो जात नाही. उन्हानेही रेझिन पिवळं पडतं. तेव्हा ड्राय बाल्कनीतल्या ओट्याला क्वार्ट्झ अजिबात नको.

मार्बल आणि कडप्पा दोन्ही चुन्याच्या अंशाचे. लिंबू, चिंच, ताक सांडलं की चमक उडते. मार्बल देवघरात शोभतो. कडप्पा ओट्याखालच्या उभ्या आधारांना आणि फळ्यांना उत्तम. ‘कोरियन’ हा तर दगडच नाही, ॲक्रिलिकचा पत्रा आहे.

आता दगडाच्या वखारीत जा, आणि हातभर नमुना बघून परत येऊ नका. नैसर्गिक दगडाचा प्रत्येक स्लॅब वेगळा असतो. जो बसणार तोच उभा करून बघायचा. त्यावर पाणी ओतून फडक्याने पुसायला सांगा. सगळीकडचं पाणी वाळल्यावरही एखादी ओली रेघ मागे राहिली, तर ती भेग समजा. मागची बाजूही बघा. तिथे जाळी चिकटवलेली असेल तर ती नाजूक दगडाला आधार म्हणून लावलेली असते. सिंकची खाच पाडायच्या दगडात मी ती टाळेन. काळ्या ग्रॅनाइटला आणखी एक परीक्षा लावा. नेलपॉलिश काढायच्या द्रवात, म्हणजे ॲसिटोन असलेल्या, कापूस बुडवून एका कोपऱ्यावर जोरात घासा. कापूस काळा झाला तर करड्या दगडाला रंग चढवलेला आहे. दुकानदाराचा चेहरा पडला तरी हे करा. पसंत पडलेल्या स्लॅबच्या मागे खडूने सही करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्याच दगडाचा एक तुकडा घरी मागून घ्या. त्यावर पाण्याचा थेंब टाका. पाच-दहा मिनिटांत खालचा दगड काळपटला तर तो पाणी पितो, त्याला सीलर लागणार. मग तेलात कालवलेली हळद आणि लिंबाची फोड रात्रभर ठेवून सकाळी साबणाने धुवा. हळदीचा पिवळा गोल आणि लिंबाखालची गेलेली चमक उजेडात तिरकं धरून बघितली की दिसतेच. घट्ट काळे दगड यात सहसा पास होतात, पांढरट आणि फिकट ग्रॅनाइट अनेकदा नापास. क्वार्ट्झचा तुकडाही आणा, आणि दोन्ही आपल्याच ट्यूबलाइटखाली बघा. बोअरचं पाणी असेल तर चकचकीत काळ्यावर क्षाराचे पांढरे डाग उठून दिसतात. अशा घराला ठिपक्यांचा, करडा-तपकिरी दगड जास्त सोयीचा.

भाव विचारताना फुटाच्या दराने भुलू नका. कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, सिंक आणि हॉबची खाच नगावर, शिवाय वाया जाणारा दगड, वाहतूक, बसवणी. सगळं एकाच कागदावर लिहून घ्या. जाडी 18 ते 20 मिलिमीटर आहे ना, हे टेपने मोजा. चांगला क्वार्ट्झ आपल्याकडच्या साध्या ग्रॅनाइटहून सहसा महागच पडतो.

कापण्याच्या बाबतीत मात्र ग्राहकानेच आग्रह धरायला हवा. क्वार्ट्झ कोरडा कापला की उडणारी धूळ जवळजवळ सगळी सिलिकाची असते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका त्यापेक्षा बरीच कमी, पण तीही धोक्याचीच. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कारागीर तरुणपणीच आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडाच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि बसवण्यावर बंदी घातली. घरात बसलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नाही. धोका कापणाऱ्याला आहे. म्हणून पक्कं माप देऊन सगळ्या खाचा कारखान्यातच, पाण्याची धार सोडून कापून घ्या. तोंडाला रुमाल बांधून जिन्यात कटर चालवू देऊ नका, दगड कुठलाही असो.

मापं देताना खाचेचे आतले कोपरे गोल ठेवायला सांगा. काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. इंग्रजी एल आकाराच्या ओट्याचा सांधा सिंकवर किंवा शेगडीवर येऊ देऊ नका. पुढची कड कपाटाच्या बाहेर इंचभर, आणि तिच्या खालच्या बाजूला बारीक खाच. नाहीतर ओट्यावरून ओघळलेलं पाणी थेट ड्रॉवरमध्ये जातं. शेवयांचा साचा आवळायचा असेल तर एका टोकाला कड थोडी जास्त बाहेर ठेवा. बसवून झाल्यावर रुपयाचं नाणं घेऊन टकटक करत सगळ्या ओट्यावरून फिरा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली आधार नाही. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.

वापरात फारसं काही नाही. क्वार्ट्झवर गरम भांड्याखाली अडणी हवीच, आणि ब्लीच किंवा नाली साफ करायची पूड त्याच्यापासून लांब. ग्रॅनाइटवर ॲसिड नको. थेंब मुरायला लागला की सीलरचा हात. सिंकसाठी कापून निघालेला तुकडा मात्र कारागिराला नेऊ देऊ नका. त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात. तो ग्रॅनाइटचा असेल तर कडा घासून घ्या आणि गरम कढई ठेवायला शेगडीशेजारी वापरा.